हँड टॅप सरळ कसा ठेवावा: मशीनवर आटे पाडण्याची पद्धत

भोक अगदी काटकोनात पडलेले असूनही त्यातले आटे तिरके असू शकतात, हे फिटिंगचे काम नव्याने शिकणाऱ्याला सहसा बोल्ट आवळतानाच कळते. बोल्ट हाताने सहज फिरत आत जातो, मग त्याच्या डोक्याची एक कड पृष्ठभागाला टेकते आणि समोरच्या कडेखाली कागद सरकेल एवढी फट राहते. एका अंशाचा तिरकेपणा नजरेला सहजी जाणवत नाही. मात्र जॉबमधून, म्हणजे ज्यावर काम चालले आहे त्या वस्तूतून, ५० मिमी बाहेर आलेला स्टड (डोके नसलेला, आट्यांचा दांडा) एका अंशाने कलला, तर त्याचे टोक मूळ जागेपासून सुमारे ०.८७ मिमी सरकते. एम ८ च्या, म्हणजे ८ मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्याच्या, स्टडसाठी झाकणात साधारणपणे ९ मिमीचे भोक ठेवतात, म्हणजे भोवताली फक्त अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक मिळते. अशा चार स्टडपैकी एक जरी कलला, तरी झाकण त्यावर अडून बसते.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतला असा एक जॉब मला अजून आठवतो. मी त्यातली चारही भोके ड्रिल मशीनवर पाडली आणि मशीन मोकळे करावे म्हणून जॉब बेंचच्या व्हाइसमध्ये आणून नुसत्या नजरेने टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारे दातेरी हत्यार, मारले. तीन भोके निभावली. चौथ्यात टॅप कलल्याचे पाच-सहा फेऱ्यांनंतर लक्षात आले, तेव्हा मी पाना एका बाजूला दाबून तो सरळ करायला गेलो आणि टॅप भोकाच्या तोंडाशीच तुटला. तो तुकडा काढायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात तसे दोन जॉब पूर्ण झाले असते. टॅपची सरळता हातात किंवा नजरेत शोधू नये, ती मशीनकडून घ्यावी, हे तेव्हापासून मी पाळत आलो आहे. ज्या अक्षावर ड्रिल उतरले, त्याच अक्षावर टॅप उतरला पाहिजे. आणि ड्रिल व टॅप यांच्यामध्ये जॉब जागचा हलला की तो अक्ष हरवतो. पुढे सांगितलेल्या पद्धती वेगवेगळ्या मशीनसाठी असल्या, तरी त्या सगळ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

टॅप कलतो कसा

हँड टॅप तीनच्या संचात एकामागून एक वापरतात. त्यातल्या पहिल्या क्रमांकाच्या टॅपचे पुढचे दात उतरते घासलेले असतात, म्हणून तो भोकात सहज शिरतो. पण या उताराचीच दुसरी बाजू अशी की सुरुवातीला टॅपचा फारच थोडा भाग भोकाच्या भिंतीला टेकलेला असतो आणि टॅपला आधार असा नसतोच. त्या क्षणी पान्याच्या एका हातावर थोडे जास्त वजन पडले, तर त्या बाजूचे दात आधी रुततात. एम ८ च्या आट्याचा चढ मुळात जेमतेम तीन अंशांचा असतो, त्यामुळे टॅप दोन अंशांनी जरी कलला, तरी फेऱ्याच्या एका भागात दात जवळजवळ आडवे सरकतात आणि दुसऱ्या भागात ते फार तीव्र चढाने धातूत घुसतात. एकदा दोन-तीन पूर्ण आटे पडले की टॅप स्वतः पाडलेल्या आट्यांचाच माग धरतो. त्यानंतर बाजूने कितीही जोर लावला, तरी भोकाच्या तोंडाशी आटे ढिले होण्यापलीकडे काही साधत नाही. जोर वाढवला तर टॅप तुटतो, कारण हे पोलाद अतिशय कठीण असले तरी वाकणे त्याला माहीत नाही.

याचा अर्थ असा की खरी काळजी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांपुरती घ्यायची असते. पुढचे काम टॅप बरेचसे आपणहून करतो.

भोकाची तयारी

टॅपच्या आधी ड्रिलचा विचार करावा लागतो, कारण टॅप भोकाच्या मागे जातो आणि भोकच वाकडे असेल तर टॅपला सरळ ठेवून उपयोग नाही. सेंटर पंचाच्या खुणेवर आधी सेंटर ड्रिलने (आखूड, ताठ ड्रिलने) छोटा खळगा करावा आणि मगच ड्रिल उतरवावे. लांब आणि लवचीक ड्रिल नुसत्या पंचाच्या खुणेवरून भटकते. विशेषतः बिडाच्या खडबडीत पृष्ठभागावर.

ड्रिलचा व्यास काढण्याचा सोपा नियम म्हणजे आट्याच्या बाहेरच्या व्यासातून पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, वजा करणे. एम ६ ची पिच १ मिमी, म्हणून ५ मिमीचे ड्रिल. एम ८ ची १.२५, म्हणून ६.८ मिमीचे, एम १० ची १.५, म्हणून ८.५ मिमीचे; आणि एम १२ ची १.७५, म्हणून १०.२ मिमीचे. मजबुतीच्या आशेने याहून बारीक ड्रिल वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने आट्याची ताकद फारशी वाढत नाही, मात्र टॅप फिरवायला लागणारा जोर पुष्कळ वाढतो. आणि जोर वाढला की हात डगमगतो. मऊ पोलादात खोल भोक असेल, तर मी उलट ०.१ मिमी मोठेच ड्रिल घेतो.

भोक पडल्यावर त्याचे तोंड काउंटरसिंकने (शंकूच्या आकाराच्या कटरने) आट्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठे होईपर्यंत मोकळे करावे. हे काम भोकाची कड सुबक दिसावी एवढ्यासाठी नाही. ड्रिलने उचललेली बुरी, म्हणजे कडेला वर आलेला धारदार धातू, भोवताली सारखी नसते. ती जिथे जास्त असते तिथे टॅपचा पहिला दात आधी अडतो आणि टॅप तिथूनच कलायला लागतो. काउंटरसिंकसुद्धा जॉब न हलवता, त्याच स्पिंडलमध्ये (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्यात) धरून करावे.

ड्रिल मशीनवर: चकमधल्या टोकाचा आधार

बहुतेक मध्यम आणि मोठ्या हँड टॅपच्या चौकोनी शेपटीच्या टोकाला एक छोटा शंकूसारखा खळगा असतो. टॅप तयार करताना तो दोन सेंटरमध्ये धरलेला असतो, त्याची ती खूण. आणि आपल्या दृष्टीने टॅपचा सगळ्यांत उपयोगी भाग तोच. चकमध्ये, म्हणजे ड्रिल पकडणाऱ्या जबड्यांत, ६० अंशांचे टोक असलेली गोल सळई धरून ते टोक या खळग्यात टेकवले, की टॅपचे खालचे टोक भोकात आणि वरचे टोक स्पिंडलच्या अक्षावर, असे दोन बिंदू पक्के होतात. अशी सळई लेथवर (जॉब फिरवून कातणाऱ्या मशीनवर) पाच मिनिटांत होते. शक्य असल्यास टोक पाणी देऊन कठीण करावे, पण अधूनमधून टॅप मारणाऱ्याला साध्या पोलादाची सळईही पुरते.

जॉब बसवण्याआधी उंचीचा हिशेब करावा. ही पायरी बहुतेकजण विसरतात आणि मग ऐन वेळी टेबल खाली घ्यावे लागते. गोल खांबाच्या ड्रिल मशीनवर टेबल खाली-वर केले की ते खांबाभोवती थोडे तरी फिरते आणि भोकाचा अक्ष गेला म्हणून समजावे. ६.८ मिमीचे साधे ड्रिल १०९ मिमी लांब असते, तर एम ८ चा हँड टॅप बनावटीप्रमाणे साधारण ५५ ते ७५ मिमीच्या दरम्यान. म्हणजे ड्रिल मावले तर टॅप आणि त्यावरची आखूड सळईही बहुधा मावते; पण स्पिंडलची खाली-वर सरकणारी नळी, म्हणजे क्विल, पुरेशी उतरते का, हे एकदा हाताने उतरवून पाहावे आणि मगच टेबल आवळावे.

मग जॉब मशीन व्हाइसमध्ये पॅरलल पट्ट्यांवर बसवून व्हाइस टेबलाला क्लॅम्पने बांधावा. हाताने धरलेला व्हाइस ड्रिलच्या वेळी निभावल्यासारखा वाटतो, पण टॅप मारताना तो फिरवण्याच्या जोराने हळूच सरकतो. आरपार भोक असेल, तर ड्रिलचे आणि टॅपचे टोक खाली टेबलावर किंवा पट्टीवर आपटणार नाही, एवढी मोकळी जागा सोडावी.

सेंटर ड्रिल, ड्रिल आणि काउंटरसिंक एकामागून एक आटोपल्यावर मशीनची वीज प्लगपासून तोडावी. केवळ स्विच बंद ठेवून भागत नाही: पाना टॅपवर असताना कोणाचा हात चुकून बटणावर गेला, तर तो पाना काठीसारखा गरगरतो. आता चकमध्ये टोकदार सळई धरावी, टॅपवर दोन हातांचा पाना असा बसवावा की शेपटीचा खळगा वरून मोकळा दिसेल, टॅपचे तोंड भोकावर ठेवावे आणि क्विल खाली आणून टोक खळग्यात अलगद टेकवावे. खळग्यात तेलाचा एक थेंब सोडला तर टोक किरकिरत नाही.

यानंतरचा अर्धा मिनिट सावकाश घालवावा. डावा हात क्विलच्या दांड्यावर राहतो, उजवा हात पान्याच्या मधोमध, टॅपच्या जवळ. पान्याच्या टोकाला धरून फिरवू नये, कारण मग हात टॅपला फिरवतो त्याबरोबर ओढतोही. दाब इतकाच द्यावा की टोक खळग्यातून निघणार नाही. पहिला पाव फेरा टॅप नुसता घासल्यासारखा वाटतो. मग एकदम हाताला एक बारीक ओढ जाणवते आणि टॅप स्वतःहून खाली सरकू लागतो. ही ओढ लागली की दाब आणखी हलका करावा. एम ८ चा टॅप दर फेऱ्याला १.२५ मिमी खाली जातो, तेव्हा क्विलनेही तेवढेच त्याच्यामागे जावे. डावा हात मागे राहिला तर टोक आणि खळगा यांच्यात फट पडते आणि टॅप मोकळा होतो. उलट डावा हात जास्त दाबत राहिला तर टॅपला त्याच्या पिचपेक्षा वेगाने ढकलल्यासारखे होते आणि सुरुवातीचे आटे पातळ पडतात. हे टोक वाट दाखवण्यासाठी आहे, रेटण्यासाठी नाही.

कीस तोडण्यासाठी टॅप पाव फेरा उलटा फिरवतानाही हेच लक्षात ठेवावे. उलट फिरताना टॅप वर येतो, तेव्हा डाव्या हाताने क्विलला वर जाऊ द्यावे. क्विल जागेवर आवळून ठेवली असेल, तर वर येऊ पाहणारा टॅप आणि न हलणारे टोक यांच्यात आटे चेंगरतात.

चक थोडा वाकडा फिरतो म्हणून ही पद्धत निरुपयोगी ठरेल, अशी शंका काहींना येते. टोक अक्षापासून ०.१ मिमी बाजूला असले आणि टॅप ७० मिमी लांब असला, तर टॅपचा कल अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी येतो. आधार टॅपच्या अगदी वरच्या टोकाला मिळतो, म्हणून लहानसहान चूक पुसट होते. त्यामुळे जुन्या, थोड्या झिजलेल्या ड्रिल मशीनवरही या पद्धतीने मला समाधानकारक आटे मिळाले आहेत.

एक हात क्विलवर अडकून राहतो, ही या पद्धतीतली एकमेव गैरसोय. त्यासाठी स्प्रिंगचा टॅप गाइड वापरतात. त्याचे नळीसारखे अंग चकमध्ये धरायचे असते आणि आतला दांडा स्प्रिंगने खाली ढकललेला असतो. क्विल इतकी उतरवायची की दांडा अर्धा आत दबेल. मग क्विल आवळून टाकायची आणि दोन्ही हातांनी पाना फिरवायचा. टॅप खाली गेला की स्प्रिंग दांड्याला त्याच्यामागे पाठवते, उलट फिरला की दांडा आत दबतो. आटे लांब असतील तर मध्येच एकदा क्विल पुन्हा उतरवावी लागते. अशा गाइडचा दांडा बहुधा उलटसुलट बसवता येतो: एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला खळगा. याचे कारण पुढच्याच मुद्द्यात येते.

बारीक टॅप

लहान टॅपच्या शेपटीत खळगा करायला जागा नसते, म्हणून त्यांच्या टोकाला उलट छोटा शंकू काढलेला असतो. अशा टॅपसाठी चकमध्ये खळगा असलेली सळई धरावी. लेथवर सळईच्या तोंडाला सेंटर ड्रिल लावले की ती तयार होते.

एम ३, एम ४ साठी दुसरीही एक पद्धत रूढ आहे. टॅपची गोल शँक (दातांच्या वरचा गुळगुळीत दांडा) थेट चकमध्ये धरायची, वीज तोडायची, पट्टा ढिला करायचा आणि चक हाताने फिरवत क्विल हलकेच खाली सोडायची. टॅप अर्थातच सरळ राहतो. परंतु चक जड असतो आणि तो फिरवणाऱ्या हाताला एम ३ च्या टॅपवर किती जोर पडतो आहे, याचा अंदाज येत नाही. म्हणून या पद्धतीने दोन-तीन आटेच पाडावेत, मग जॉब न हलवता चक सोडून वर घ्यावा आणि उरलेले काम टी आकाराच्या छोट्या पान्याने करावे. त्या पान्याने चिमटीत जी जाणीव येते, ती कोणत्याही चकने येत नाही. चकचे तीन जबडे चौकोनी शेपटीवर कधीही आवळू नयेत. तीन जबड्यांत चौकोन सरळ बसू शकत नाही.

एकापेक्षा जास्त भोके

ड्रिल मशीनवर अनेक भोके असतील, तर एका भोकाची सगळी कामे संपवूनच दुसऱ्या भोकाकडे वळावे. चकमध्ये दर वेळी चार वस्तू बदलाव्या लागतात आणि तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण दहा भोके आधी पाडून नंतर एकेक भोक पुन्हा टोकाखाली जुळवत बसण्यापेक्षा तो कमीच असतो. तरीही जॉब हलवलाच असेल, तर भोकात घट्ट बसणारे ड्रिलच चकमध्ये उलटे धरून त्याची गुळगुळीत शँक भोकात उतरवावी, ती न घासता सहज आत-बाहेर होईपर्यंत व्हाइस सरकवावा आणि मग आवळावा. मूळ अक्षाच्या बरेच जवळ येता येते. आधीच पडलेल्या भोकांना नंतर टॅप मारण्याची वेळ आली, तर हाच मार्ग आहे.

मिलिंग मशीनवर ही अडचण कमी होते, कारण टेबल मोजून मूळ जागी आणता येते. मात्र स्क्रूमधला ढिलेपणा लक्षात घेऊन प्रत्येक जागेवर एकाच बाजूने यावे. आणखी एक बारीक मुद्दा येथे सांगितला पाहिजे. ज्या मिलिंग मशीनचे डोके कलवता येते, तिथे क्विलचा अक्ष आणि टेबल वर उचलण्याची दिशा नेहमी एकच असते असे नाही. डोके किंचित कललेले राहून गेले असेल आणि ड्रिल टेबल उचलून मारले, पण टॅप क्विल उतरवून मारला, तर दोघांचे मार्ग वेगळे पडतात. तेव्हा ड्रिलसाठी जी हालचाल वापरली, तीच टॅपसाठी वापरावी.

लेथवर

लेथवर जॉबच्या मध्यावरच्या भोकाला टॅप मारणे हे सगळ्यांत सरळ काम आहे, कारण भोक, टॅप आणि टेलस्टॉक (जॉबसमोरचा, बेडवर सरकणारा आधार) हे मुळातच एका रेषेत असतात. अट एवढीच की टेलस्टॉक खरोखर मध्यावर असला पाहिजे. कोणी निमुळते काम करण्यासाठी तो बाजूला सरकवला असेल आणि परत आणला नसेल, तर टॅप हमखास कलतो. शंका असल्यास हेडस्टॉकमध्ये, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या बाजूला, एक सेंटर आणि टेलस्टॉकमध्ये दुसरे बसवून दोन्ही टोके जवळ आणावीत. त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी हलकेच दाबली, तर टोके जुळली नसल्यास पट्टी तिरपी होते.

टेलस्टॉकमधल्या चकने भोक पाडल्यावर त्याच टेलस्टॉकमध्ये डेड सेंटर (न फिरणारे टोक) बसवावे, वीज तोडावी आणि टॅप भोकाच्या तोंडाशी धरून सेंटर खळग्यात टेकवावे. आता दोन मार्ग आहेत. पाना फिरवायचा असेल, तर गिअर सगळ्यांत कमी वेगावर टाकून स्पिंडल अडवावा. पण पान्याचे हात बेडवर आपटतात, म्हणून पूर्ण फेरा घेता येत नाही आणि दर वेळी पाना काढून घालावा लागतो. मला दुसरा मार्ग पसंत आहे: पान्याचा एक हात कॅरेजवर (बेडवर सरकणाऱ्या, हत्यार धरणाऱ्या भागावर), मध्ये लाकडाचा तुकडा घालून टेकवून ठेवायचा, गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा आणि जॉब धरलेला चक हाताने फिरवायचा. टॅप जागचा फिरत नाही, जॉब फिरतो आणि टेलस्टॉकचे चाक दुसऱ्या हाताने त्याच्यामागे सरकवत राहायचे. टॅप आत जाईल तसा पानाही हेडस्टॉककडे सरकतो, तेव्हा कॅरेजवरची त्याची जागा मोकळी आहे का, ते आधी पाहावे. एका फेऱ्यात टॅप किती सरकणार हे पिचवरून माहीतच असते, त्यामुळे हा ताल चार-पाच फेऱ्यांत बसतो.

टॅप टेलस्टॉकच्या चकमध्ये धरून आणि टेलस्टॉकच बेडवर मोकळा सोडून आटे पाडणारेही आहेत. एम १० पासून पुढे हे चालते, कारण टॅप टेलस्टॉकला स्वतःबरोबर ओढू शकतो. बारीक टॅपला ते वजन ओढवत नाही. सुरुवातीचे आटेच खरवडले जातात. त्यासाठी सरकता टॅप होल्डर बनवून घ्यावा. टेलस्टॉकच्या चकमध्ये एक गुळगुळीत, सरळ दांडा धरावा. त्यावर डगमग न करता सरकणारी बाही बसवावी, तिच्या पुढच्या तोंडात टॅप स्क्रूने आवळावा आणि बाहीला धरायला एक आडवी मूठ लावावी. बाहीचे भोक रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) मारून केले, तर दांडा आणि बाही यांच्यात तेलाच्या थरापुरतीच फट राहते. हे साधन एकदा झाले की लेथवर टॅप मारण्याचे काम फार थोडक्यात उरकते आणि ड्रिल मशीनवरही तेच उभे वापरता येते.

जॉब मशीनवर चढतच नसेल तर

एखाद्या मोठ्या पायाला किंवा बसलेल्या यंत्राला जागेवरच आटे पाडायचे असतील, तर मशीनचा अक्ष एका ठोकळ्यात साठवून घेता येतो. २५ मिमी किंवा त्याहून जाड पोलादी ठोकळ्याची खालची बाजू सपाट करून घ्यावी आणि त्याच बाजूच्या काटकोनात ड्रिल मशीनवर टॅपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा ०.१ मिमी मोठे भोक पाडावे. ठोकळा भोकावर ठेवून क्लॅम्पने बांधला आणि टॅप त्यातून उतरवला, तर एवढ्या जाडीत ०.१ मिमीच्या फटीमुळे येणारा कल पाव अंशापेक्षाही कमी असतो. गोल दांड्यावर आटे पाडण्यासाठी ठोकळ्याच्या खालच्या बाजूला भोकाच्या मध्यावरून व्ही आकाराची खाच काढावी.

ठोकळाही नसेल, तर गुण्या उरतो. टॅप दोन फेरे आत गेल्यावर पाना काढून घ्यावा, गुण्या पृष्ठभागावर ठेवून तो टॅपच्या शँकला लावावा, दातांना नाही. आणि मागे उजेड धरून पाहावे. मग गुण्या नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा पाहावे. एकाच दिशेने तपासलेला टॅप दुसऱ्या दिशेने खुशाल कललेला असू शकतो. कल दिसलाच तर टॅप पूर्ण मागे घेऊन पुन्हा सुरू करावा आणि पुढे फिरत असतानाच त्याला योग्य बाजूला हलका रेटा द्यावा. टॅप थांबलेला असताना दिलेल्या रेट्याने काही कापले जात नाही, नुसता टॅप वाकतो.

पुढचे फेरे, दुसरा आणि तिसरा टॅप

टॅप सरळ बसल्यावर अर्धा ते एक फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, या चालीने जावे. मागे घेताना कीस तुटल्याचा बारीक ‘कट’ हाताला जाणवतो. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल आणि बिडाला कोरडे, एवढे धोरण पुरते.

बंद भोकात खोली फेऱ्यांनी मोजणे सर्वांत सोपे असते: एम ८ चे १५ मिमी आटे हवे असतील तर पूर्ण आटे पडू लागल्यापासून बारा फेरे. ड्रिल त्याहून किमान चार-पाच पिच खोल गेलेले असावे, कारण कीस साठायला आणि टॅपच्या उतरत्या दातांना जागा लागते. टॅप तळाशी टेकला की जोर लावू नये. आधीचा सगळा सरळपणा त्या एका झटक्यात टॅपसह जातो.

दुसरा आणि तिसरा टॅप घालताना पाना बाजूला ठेवावा. टॅप बोटांनी भोकात ठेवून आधी उलटा फिरवावा. एका जागी तो किंचित खाली पडल्यासारखा होतो, तिथे त्याला पहिल्या टॅपच्या आट्याचे तोंड सापडलेले असते. मग बोटांनीच सरळ दिशेने फिरवावा आणि तो दोन-तीन फेरे विनासायास गेला तरच पाना लावावा. घाईने पान्यासकट घुसवलेला दुसरा टॅप जुन्या आट्यांना आडवा छेद देतो आणि पहिल्या टॅपच्या वेळी घेतलेली सगळी काळजी फुकट जाते.

आटे झाल्यावर कीस साफ करून भोकात एक लांब, सरळ स्टड हाताने बसवावा आणि त्याला दोन दिशांनी गुण्या लावून पाहावा. जॉब अजून व्हाइसमध्येच असताना हे करावे. गुण्याच्या पात्यामागून उजेडाची सारखी, केसासारखी रेघ वरपासून खालपर्यंत दिसली, की क्लॅम्प सोडून पुढचे भोक स्पिंडलखाली आणावे.